हिने कॉम्प्युटर बिघडवला नव्हता

आमच्या घरी पाहुणे आले की एक किस्सा हमखास निघतो. हिने एकदा कसलंसं बटण दाबलं आणि अख्खा कॉम्प्युटर बसला. सांगणारा मीच. पाहुणे हसतात, हीसुद्धा हसते. तो किस्सा खोटा आहे.

चाकणच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो तेव्हा घरचा कॉम्प्युटर जुना झाला होता. विंडोज सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने त्यावरचं विंडोज काढून लिनक्स घालून दिलं. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. माझा हात सवयीने स्टार्ट बटणासाठी खालच्या डाव्या कोपऱ्यात जायचा आणि तिथे काही नसायचं. हिला मात्र ते आवडलं. "हे गप्प असतं," ती म्हणायची. "मधेच काही विचारत बसत नाही."

ही ब्लाउज शिवून देते. लिनक्समधल्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमवर ती गळे आणि बाह्या काढायला शिकली, मुलीला फोनवर विचारत, चुकत, पुन्हा करत. माप टाकायचं, कागदावर छापायचं, कापडावर ठेवून कापायचं. ताथवड्याच्या नव्या सोसायट्यांमधल्या बायका गळा पसंत करायला आमच्या स्क्रीनसमोर येऊन बसायच्या.

एकदा माझे जुने सहकारी घरी आले. त्यांना निरोप समारंभाचे फोटो दाखवायचे होते, आणि मला ते सापडेनात. शेवटी ही कणकेचे हात पुसत बाहेर आली, फोटो उघडून दिले आणि परत आत गेली.

"काय राव," एक जण म्हणाला, "कारखान्यात आम्हाला झापायचा, आणि घरचा सुपरवायझर वेगळाच निघाला की!"

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

पुढे ही भाचीच्या लग्नाला लातूरला गेली, तेव्हा मी कॉम्प्युटर रिक्षात घालून भोसरीतल्या एका दुकानात नेला. विंडोज टाकायला सांगितलं.

"काका, सगळं पुसावं लागेल," दुकानदार म्हणाला. "आतलं काही ठेवायचंय का?"

"काही नाही. गाणीबिणी असतील."

आत काय होतं ते मला पक्कं माहीत होतं.

कारखान्यात एका बाबतीत मी कधी कोणाला सोडलं नाही. ऑपरेटर सुट्टीवर असताना कोणी त्याच्या मशीनचं सेटिंग न विचारता हलवलं, तर मी त्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचो. त्या दुकानात मला हे आठवलंही नाही.

ही परत आल्यावर मी म्हणालो, "बंद पडला होता. फुकटचं लिनक्स, दुसरं काय होणार!" दोष हिच्यावर ढकलायचं माझ्या मनात नव्हतं. तीच म्हणाली, "निघायच्या घाईत मी बंद केला होता. मीच काहीतरी दाबलं असणार." मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं.

"असेल," मी म्हणालो.

त्यानंतर ही कॉम्प्युटरपुढे बसली नाही. वर्तमानपत्रावर खडूने गळे काढू लागली. आणि मी किस्सा सांगू लागलो. दर वेळी थोडा रंगवून.

गेल्या आठवड्यात मुलीने फोनवर सांगितलं, आईसाठी लॅपटॉप घेतेय. "नको गं," ही म्हणाली, "माझ्या हातून बिघडतं." चहात साखर नको म्हणावं इतक्या सहज म्हणाली. हिने फोन ठेवला आणि मी हिला सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "आतलं ठेवायचं का, असं त्याने विचारलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी तेही सांगितलं. "गाणीबिणी," असं ती एकदा हळू आवाजात म्हणाली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोरीला फोन लावा. आणि हे तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही."

मी लावला. सगळं सांगितलं, गाणीबिणीसुद्धा. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, आईला द्या."

हिने फोन घेतला. "घे तो लॅपटॉप. पण मला आपलं लिनक्सच दे त्यात," ती म्हणाली. मग माझ्यासमोरच: "आणि पासवर्ड कसा घालायचा, ते आधी शिकव."