शर्टाचं शेवटचं बटण

कुणीही ‘कसं आहे’ विचारलं की आमच्या घरात उत्तर एकच, ‘मजेत’. आज दादाने ते कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनाही दिलं. बाहेर आल्यावर मात्र शर्टाची बटणं मला लावायला सांगितली. त्याची बोटं बधिर झालीत.

“बोललो तर औषध बंद करतील.”

पण सध्या हे औषध माणसाला किती सोसतं, एवढंच तर पाहताहेत. याच्या ‘मजेत’वर विसंबून पुढच्या माणसाला जास्त डोस देतील. हे कळतं. दादाची आशा कशी मोडायची, ते कळत नाही.

नर्स दारात आली. “ताई, तुम्हाला यांच्यात काही फरक जाणवला?”

मी लावलेलं शेवटचं बटण काढलं आणि पुन्हा लावत बसले.