दरवर्षी नवं खाचर

कस्तुराबाई मूळची खानापूरची. नवऱ्याला येलहंक्यात गॅरेजात काम मिळालं, तशी तीही बेंगळुरूला आली आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पण भाताच्या चिखलात वाढलेल्या बाईला पावसाळ्यात हात रिकामे कसे चालणार? शहराबाहेर एका तळ्याखाली थोडी खाचरं उरली आहेत असं कळलं, तेव्हा ती मालकाला शोधत गेली.

मालक पुरुषोत्तम. चार पिढ्या इथेच वाढलेलं मराठा घर. त्याने एक खाचर वाट्याने दिलं, निम्मं भात तुझं, निम्मं माझं. वाट्याने द्यायला कायद्याची मुभाच नाही, म्हणून कागदही नाही. नुसता शब्द.

पुढच्या वर्षी त्याने ते काढून घेतलं आणि शेजारचं दिलं. त्यानंतर तिसरं.

कस्तुराबाईला राग येण्याआधी नवलच वाटलं. माणूस तोच ठेवायचा आणि जमीन बदलायची, हे कशासाठी? पहिल्या खाचरात तिने लांबून शेणखत आणून घातलं होतं. ते खाल्लं दुसऱ्याच्या पिकाने. तेव्हापासून ती युरिया फेकायची, बांध फुटला तर चिखलाचा गोळा थापून वेळ मारून न्यायची. भातही तसंच यायचं, कुठे दाट, कुठे टक्कल.

तिसऱ्या कापणीला तिने विचारूनच टाकलं. "अण्णा, माझं काम वाईट आहे काय?"

"छे गं अक्का."

"मग एका जागी का ठरू देत नाही?"

पुरुषोत्तम बांधावर बसला. "आमच्या वडिलांनी तळ्यापलीकडची जमीन वर्षानुवर्षं एकाच कुळाकडे ठेवली. कायदा आला, जमीन कुळाची झाली. वडील पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. मीही नाही."

"त्या लोकांनी पुढं काय केलं तिचं?"

"कुणाला ठाऊक!"

"चला की, बघून येऊ."

तो गोंधळला, पण उठला.

पलीकडचं खाचर पाटासारखं सपाट होतं. पाणी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखं उभं राहील असं. बांध दगडांनी बांधलेला, त्यावर नारळाची ओळ. कुळाची सून भेटली, तिने दोघांना ताक दिलं.

"हे नारळ कधीचे?" कस्तुराबाईने कन्नडमध्ये विचारलं.

"जमीन नावावर झाली, त्याच साली सासऱ्यांनी लावले."

पुरुषोत्तमने एका खोडावर हात ठेवला. "वडिलांच्या वेळी इथे झुडूपसुद्धा नव्हतं," तो स्वतःशीच म्हणाला.

परतताना तो तिच्या खाचराच्या बांधावर थांबला. मग म्हणाला, "आत्ताचं खाचर पाच वर्षं तुझ्याकडेच राहू दे."

"आणि भीती?"

"आहे ना. असू दे स्वल्प."

त्या उन्हाळ्यात कस्तुराबाईने उंचवटे खणून खोलगटात भरले, खतासाठी ताग पेरला आणि फुलावर आल्यावर चिखलात गाडला. पहिल्या साली पीक फारसं सुधारलं नाही. पुरुषोत्तमचा चेहरा पडला. "जमिनीला कळायला वेळ लागतो, अण्णा," ती म्हणाली. दुसऱ्या साली मात्र लोंब्या एका उंचीला आल्या, मधे कुठे टक्कल नाही.

आता तो रविवारी येतो, पँट दुमडून पाण्यात उतरतो आणि तिला सतरा प्रश्न विचारतो. शेजारची दोन खाचरं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनाही त्याने यंदा हलवलेलं नाही.