मे महिन्यातलं उणे

"उणे लिही! उणे लिहायला काहून लाजून राहिला?"

हा आवाज पोहनकरबाईंचा. बाई सागाच्या बुंध्याशी टेप लावून, मी दहा हातांवर वही घेऊन. पण आवाज असा की तिकडे नदीवर ग्वारीघाटला नावाड्यांनी वल्ही थांबवली असणार. जंगल-संशोधनातल्या नोकरीतला माझा पहिलाच मे. झाडाचा घेर फेब्रुवारीपेक्षा दोन मिलीमीटर कमी भरला होता. झाड कधी बारीक होतं का, म्हणून मी शहाणपणा करून शून्य लिहिलं होतं.

"झाड आटतं रे बाबा," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात तू नाही आटत?"

मी इतका आटलो होतो की माझी सावली माझ्यापेक्षा जाड पडत होती. शून्य खोडून उणे लिहिलं.

बाई आता निवृत्त होऊन विजय नगरला राहतात. तेव्हा महाराजपूरहून स्कूटरवर यायच्या. उंची पाच फूट, त्यात एक फूट टोपी. दर पंधरवड्याला दोनशे झाडं मोजायच्या. निम्म्यांना नत्र-स्फुरदाचं खत, निम्मी उपाशी. जमीन एवढी दरिद्री की गांडुळं घरून डबा आणत. खताने जंगल किती वाढतं, एवढंच शोधायचं होतं.

त्याच मे महिन्यात आमचे मोठे साहेब तपासणीला आले. खतवाल्या झाडांपुढेही उणे पाहून तापले. "मॅडम, खाद खाकर पेड़ दुबला? ज़ीरो कीजिए, नहीं तो प्लॉट बंद!"

बंद म्हणजे बाईंची नऊ वर्षं पाण्यात.

"साहब, थाली परोसी है, पर पानी नहीं है. सूखा कौर गले से उतरेगा? बारिश निकलने दीजिए."

साहेबांनी ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. माझ्या मते केवळ जीपची वाट बाईंनी अडवली होती म्हणून.

पाऊस मनाजोगा झाला. बाईंनी एक पंधरवडा चुकवला नाही. एकदा तर त्यांच्या अंगात ताप, पायाखाली गुडघाभर चिखल.

"ताई, आज राहू द्या ना," मी म्हटलं.

"झाडानं सुट्टी टाकली का? चलो, टेप धर."

ऑक्टोबरात खतवाली झाडं उपाशी झाडांच्या दुपटीने वाढलेली निघाली. तक्ता पाहून साहेब सागापेक्षा जास्त फुगले.

"वाह मॅडम! प्लॉट चलेगा! बस, वो मई वाला माइनस मिटा दीजिए. अब क्या ज़रूरत?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"रहने दीजिए. वो भी इसी पेड़ का है."