आईच्या मापाचा कॅमेरा

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दातांच्या कवळ्या करायच्या, तर कवळीताईच म्हणणार, गुलाबताई कोण म्हणेल, असा तिचा सरळ हिशेब. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांची मापं यायची. त्यावर ही मेण चढवायची, दात बसवायची, घासून पुसून चकाकवायची आणि कवळी बसते का ते बघायला दवाखान्यात जातीने हजर राहायची. खोली एवढीशी, आणि प्लास्टरची पांढरी धूळ चपलांपासून भुवयांपर्यंत. पण आत्मविश्वास असा दांडगा, की समोरच्याने पुरतं तोंड उघडायच्या आत ही सांगणार, "तुमचा डावा सुळा वर चढलाय." शेजारणीच्या सोफ्याला कुठलं कापड लागेल, धाकट्या भावाने कुठली नोकरी सोडावी, सगळ्यावर हिचं मत तयार. आणि वैताग म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यामुळे कुणाला तिच्याशी धड भांडताही यायचं नाही.

तिच्या आईचं आयुष्य इस्त्रीच्या टेबलापाशी गेलेलं. हॉस्पिटलच्या मोठ्या लाँड्रीत चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, डोंगरच्या डोंगर. कामातून निवृत्त झाल्यावर माणसं झोपा काढतात, आईने फोनवर फोटो काढायला घेतले. तेही कशाचे? तर समोरच्या इमारतींत वाळत घातलेल्या कपड्यांचे.

"जन्मभर चुण्या मोडल्या," ती म्हणायची, "तेव्हा त्यांच्याकडे बघायला सवड कुठे होती? आता बघते."

आणि तिला खरंच दिसायचं. वाऱ्याने पोट फुगवून उभी राहिलेली चादर. एकाच बाहीवर लोंबणारा, जास्त झालेल्या माणसासारखा झोकांड्या खाणारा सदरा. सकाळभर ती खिडकीशी खुर्ची टाकून बसायची, तिला जेवायला हाका माराव्या लागायच्या.

घोडं अडलं बोटांशी. गरम कापड चाचपून चाचपून तिच्या बोटांची टोकं कोरडी ठाक आणि गुळगुळीत झालेली. फोनच्या काचेला ती कळेचनात. ती दाबायची, पुन्हा दाबायची, बोट ओलं करून दाबायची, तोवर वारा पडायचा आणि चादर जीव गेल्यासारखी खाली. एक दिवस तिने फोन कपाटावर ठेवला. "पुरे. काचेच्या लेखी मी नाहीच. हा नाद आपला नव्हे." हसत म्हणाली, पण दुसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीपासून उचलून टीव्हीसमोर नेली, आणि टीव्ही लावलाच नाही.

कवळीताईला ते खुपलं. हा एवढा एकच नाद आईने स्वतःसाठी धरलेला. तो सुटला तर ही बाई त्या खुर्चीत नुसती बसून राहील, आणि बसून राहिलेली आई तिला चालणार नव्हती. तिने ठरवून टाकलं. खराखुरा कॅमेरा आणायचा. डोळ्याला लावायचा, बटण दाबायचं, खट्. काचेची मनधरणी नाही.

"डीएसएलआर?" धाकटा फोनवर ओरडला. "अगं, एवढं धूड आईला कशाला? चांगला फोन घे, त्यात सगळं असतं."

"बटण असतं?"

"आता बटण कोण वापरतं?"

"आई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पण आणायचा कुठला? आईला दुकानात नेलं तर ती दारातूनच परत फिरणार, "उगाच खर्च" म्हणत. तेव्हा कवळीताईने तिला येत होतं तेच केलं. कोमट पाण्यात मेणाचा गोळा मऊ केला आणि आईसमोर धरला.

"हे जरा हातात धर."

"काय आहे?"

"नवीन मेण आलंय. हाताच्या उबेने किती नरम पडतं ते बघायचंय."

"तुझ्या हाताला काय झालं?"

"माझा हात गार. धर ना गं. मूठ आवळू नकोस, पेला धरतात तसं."

"पेला धरू का मेण धरू, एक काय ते सांग," आई म्हणाली, पण तिने धरलं. बोटांचे खळगे उमटले. कवळीताईने गोळा गार पाण्यात सोडला, पुसला आणि पिशवीत टाकला.

कॅमेरेवाला पोक्त माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "आईसाठी? पहिलाच? मग हा न्या. छोटा, हलका, हातात छान दिसतो."

"दिसायला नकोय, धरायला हवाय," म्हणत तिने मेणाचा गोळा काउंटरवर ठेवला.

"हे काय?"

"आईचा हात."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. हसला नाही, हे त्याचं मोठेपण. उलट एकेक कॅमेरा काढून गोळ्याशेजारी मांडायला लागला आणि तोही त्या खेळात रंगला. पहिल्यावर करंगळी हवेत राहणार होती. दुसऱ्याचं बटण पार वर, आणि आईचं पहिलं बोट तर टोकाशी वाकतच नाही. तिसरा जरा जुना, कुणीतरी वापरून परत दिलेला. त्याची रबराची पकड जाडजूड होती आणि बटण पुढच्या उतारावर. बोट सरळ ठेवलं की आपोआप तिथेच पडेल असं. खळग्याला खळगा जुळला.

"जड आहे बरं का," कॅमेरेवाला म्हणाला. "या वयात..."

"तिने जन्मभर लोखंडी इस्त्री फिरवलीय. हलकं काही दिलं की हात थरथरतो तिचा. चहाचे कप फुटतात, पाण्याची बादली आजवर सांडली नाही."

"मग हाच. समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे टिपायचेत म्हणालात ना, तर लांब पल्ल्याची लेन्स देतो. हाताचं झालं. डोळ्यांचं काय?"

तोंडं कवळीताईने हजारो बघितली होती, डोळ्यांपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. तिने आईला फोन लावला.

"आई, सुईत दोरा ओवताना तू चष्मा घालतेस का काढतेस?"

"काढते. का? काय शिवायचंय?"

"काही नाही, सहज."

"सहज? तू आहेस कुठे?"

"कामावर."

"कामावर गाड्यांचे भोंगे कधीपासून वाजायला लागले?"

"ठेवते," म्हणून तिने ठेवलाच.

"बारीक काही बघायचं तर ती चष्मा काढते," तिने सांगितलं, तेव्हा कॅमेरेवाल्याने डोळा लावायच्या जागेशेजारचं बारीकसं चाक दाखवलं. "हे ज्याच्या त्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं. मग चष्मा काढूनही लख्ख दिसतं. बघा."

कवळीताईने आपला चष्मा कपाळावर सरकवला, कॅमेरा डोळ्याला लावला, चाक फिरवलं. समोरच्या चपलांच्या दुकानातल्या सँडलचं बक्कल न् बक्कल दिसायला लागलं. "वा!" ती म्हणाली. "बांधा."

दुपारी आईने खोका उघडला. "अगं बाई! हे एवढं काय आणलंस?" तिने कॅमेरा उचलला आणि तिची बोटं आपण होऊन जागच्या जागी बसली. कवळीताईची छाती फुगली. बटण कुठलं, चालू कसं करायचं, सगळं तिने एका दमात सांगितलं आणि आईला खिडकीशी बसवलं. आईने चष्मा काढला, कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ तशीच राहिली. बटण काही दाबलं नाही. मग तिने तो अलगद मांडीवर ठेवला.

"छान आहे," ती म्हणाली. "छान आहे हो. जपून ठेवू." आणि खोक्यातला कागद घेऊन अंगठ्याने त्याच्या घड्या घालायला लागली.

दुसरी कुठली मुलगी असती तर खूश होऊन चहा टाकायला उठली असती. पण हे "छान" कवळीताईच्या रोजच्या ऐकण्यातलं होतं. नवी कवळी बसवलेली माणसं असंच म्हणतात. लगेच म्हणतात, आवाज एक पट्टी वर असतो आणि बघतात भलतीकडेच. घरी गेले की कवळी पेल्यात आणि जेवायला पेज. ज्याला खरोखर बसते तो छानबिन म्हणत नाही, तो जीभ फिरवतो आणि विचारतो, शेंगदाणे चालतील का?

तिने स्टूल ओढलं आणि आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "कुठे टोचतंय?"

"टोचायला काय मी दात बसवलेत?"

"आई."

आईच्या हातातली घडी थांबली. "दिसत नाही गं."

"काय दिसत नाही?"

"काहीच. नुसतं पांढरं धुकं. बोटं गेलीच होती, आता डोळेही गेले म्हणायचे. तू एवढ्या हौसेने आणलास, कुठल्या तोंडाने सांगू? परत करून टाक. माझा नाद संपला, त्यात काय एवढं."

कवळीताईने कॅमेरा घेतला, सवयीने चष्मा वर सरकवला आणि पाहिलं. आरशासारखं स्वच्छ. समोरच्या टॉवेलची दशी न् दशी मोजून घ्यावी. "दिसतंय की!" हे तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. दिसत होतं, पण कुणाला? दुकानात चाक तिनेच फिरवलं होतं, स्वतःच्या डोळ्याला बसेल असं. सगळ्या गावाला मापाच्या कवळ्या करून देणाऱ्या बाईने आईच्या तोंडात स्वतःची कवळी घातली होती.

"आई, चूक माझी आहे."

हे वाक्य त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे. हे चाक बघ. माझ्या नंबरावर राहिलंय ते." सवयीने तिचं बोट चाकाकडे गेलंच होतं, तिने ते मागे घेतलं. "तू फिरव. मी हात लावणार नाही."

"कुठपर्यंत?"

"मला काय माहीत? तुला दिसेपर्यंत."

आईने कॅमेरा डोळ्याला लावला. चाकाला खाचा होत्या, त्या तिच्या गुळगुळीत अंगठ्यालाही लागत होत्या. एक खाच. आणखी एक. "नाही... नाही... थांब, गेलं. आलं. अगं..." कवळीताईला विचारायचं होतं, ती जीभ चावून बसली.

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने चादर उलटी घातलीय," आई म्हणाली. "शिवण दिसतेय."

वारा आला, चादरीने पोट फुगवलं. खट्. दाबलं त्याच क्षणी. पुन्हा खट्. मग एक झोकांड्या खाणारा सदरा, मग मोज्यांची अख्खी रांग.

"दाखव की कसा आलाय. जरा डावीकडे घे, तिकडे उजेड..."

"तू गप्प बस. आणि खिडकीतून आधी बाजूला हो."

कवळीताई बाजूला झाली. तेवढ्यात समोर तिसऱ्या मजल्यावरची बाई कपडे काढायला आली आणि तिने चादरीचा चिमटा धरला. आई खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"अहो! अहो बाई! काढू नका!"

"का? वाळलीय की!" ती तिकडून ओरडली.

"वाळली तर वाळू द्या! अजून एक वारा येऊ द्या, मग काढा!"

ती बाई भांबावली. तिने इकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि चिमटा न काढता एक पाऊल मागे सरकून उभी राहिली. आईने पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.