हा रिव्हेट काढायचा

विमान का बांधतेस, या प्रश्नाचं उत्तर मी आजपर्यंत कुणाला दिलेलं नाही आणि इथेही देणार नाही. माझ्या भावाने जुनी बुलेट घेतली तेव्हा त्याला कुणी कारण विचारलं नव्हतं. सगळे फक्त रंग कोणता एवढंच विचारत होते.

मी सिन्नरच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करते. दिवसभर स्क्रीनवर पंपांचे भाग आखायचे. ते बनतात दुसरीकडे, दुसऱ्यांच्या हातांनी. विमानाचं किट, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, मी माझ्या पगारातून परदेशाहून मागवलं. सगळं एकदम येत नाही. आधी फक्त शेपटी येते. शेपटी नीट जमली तर पंख मागवायचे, मग मधलं धड. बंदरात अडकून, कागदपत्रं तीनदा परत येऊन अखेर एक लांबलचक लाकडी खोका टेम्पोतून पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउससमोर उतरला. टेम्पोवाल्याने विचारलं, "कपाट आहे का मॅडम?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता.

बाबांनी गाडी रस्त्यावर लावायला सुरुवात केली आणि पार्किंगची जागा मला दिली, हे मी विसरलेले नाही. आईने खोक्याला हळदकुंकू लावलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे तर नुसते पत्रे आहेत गं." ते खरंच होतं. निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पातळ अॅल्युमिनियमचे पत्रे, ज्यांना आधीच हजारो बारीक भोकं पाडलेली होती. पहिले कित्येक आठवडे मी विमान बांधत नव्हते, भोकांच्या कडा घासत होते. प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी. कडेला जरा जरी बोच राहिली तर पुढे तिथून पत्रा तडकतो. जानेवारीतल्या सकाळी ते पत्रे इतके गार असायचे की बोटांना बोच कळायची नाही, म्हणून मी गालावर कड फिरवून बघायचे.

कॉलनीतले लोक फाटकाशी थांबायचे. "ओझरला विमानांचा एवढा मोठा कारखाना आहे, मग घरी कशाला?" हा सगळ्यांचा आवडता विनोद. पण तो ते मला ऐकवायचे नाहीत, बाबांना ऐकवायचे. "काय साहेब, कुठवर आलं विमान?" मी तिथेच उभी असायचे, हातात घासणी, केसांत पांढरी धूळ. बाबा वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. ते खुलून सांगायचे, कधीकधी चुकीचंही सांगायचे. एकदा मी त्यांच्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा फोटो पाहिला. पत्र्याशेजारी बाबा, खाली लिहिलेलं, 'आमचा नवा उद्योग.' फोटो मीच काढला होता.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठीत महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरचे दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. याला लोक लाजाळूपणा म्हणतात. म्हणू देत.

मग रिव्हेट मारायचं काम आलं. रिव्हेट म्हणजे दोन पत्रे जोडणारा बारीक खिळा. त्याला दोन माणसं लागतात. एक जण बाहेरून हवेच्या गनने मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मधे रिव्हेटचं शेपूट चेपून चपटं होतं. गन बाबांनी उचलली. "धक्के बसतात, तुझा हात दुखेल," ते म्हणाले. माझा हात बारीक, आत जातो, म्हणून मी ठोकळा घेतला. तेव्हा ते मलाही पटलं होतं.

कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन असतात, गन चालू असताना बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करतो. एकदा म्हणजे अजून मार. दोनदा म्हणजे झाला, पुढे चल. तीनदा म्हणजे बिघडला, काढ. मला ही भाषा फार आवडली. तिच्यात वाक्य जुळवावं लागत नाही. आणि एक गोष्ट मला हळूहळू कळत गेली. गनवाल्याला रिव्हेटचं फक्त डोकं दिसतं. तो आत नीट बसला की नाही, हे फक्त ठोकळेवाल्यालाच दिसतं.

त्या रविवारी बाबांचे सकाळच्या फिरण्यातले तीन मित्र विमान बघायला आले. खुर्च्या मांडल्या गेल्या. शेपटीचा उभा भाग टेबलावर आडवा ठेवलेला होता आणि मी उघड्या बाजूने खांद्यापर्यंत आत शिरले होते. त्यांना माझी फक्त पाठ दिसत असणार. आवाज थांबला की त्यांचं बोलणं मला कळायचं.

"साहेब, ओझरवाल्यांना निरोप धाडा, दुकान बंद करा म्हणावं," मिशीवाले काका म्हणाले.

बाबा हसले आणि हसता हसताच त्यांनी गन दाबली. आत माझ्या डोळ्यांसमोर रिव्हेट चेपला नाही, आडवा लोळला. मी तीनदा टकटक केलं. बाबांनी पुढच्या भोकावर गन ठेवली. मी पुन्हा तीनदा केलं, जोरात.

"काय गं?"

"तीन."

"नंतर बघू."

"आत्ता."

"कन्या कडक आहे हो," काका म्हणाले. बाकीचे हसले.

बाबांनी हेडफोन मानेवर ओढला. "चालतंय गं. एवढ्याने काय होतंय? आतलं कोण बघणार आहे?"

मी बाहेर आले. या वेळी मी काहीच जुळवलं नाही.

"मी बघितलंय. हा रिव्हेट काढायचा. आणि इथून पुढे गन मी धरणार. विमान माझं आहे, बाबा. यात मी बसणार आहे."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात होती. "अगं..." एवढंच म्हणाली.

"म्हणजे मी कोण?" बाबांनी विचारलं. "हेल्पर?"

"हो."

काका खुर्चीत पुढे सरकले. "बेटा, वडील आहेत ते तुझे."

"माहितेय मला, काका."

बाबांनी गन खाली ठेवली. रागात होते तरी पत्र्यावर ठेवली नाही, बाजूच्या फडक्यावर ठेवली. मग ते घरात गेले.

मित्रांच्या हातात भरलेले कप होते, त्यामुळे त्यांना उठता येईना. मी ड्रिल घेतलं. दोन्ही हातांनी धरलं. रिव्हेटचं डोकं मधोमध पोखरायचं, भोक मोठं होऊ द्यायचं नाही, मग उरलेलं हळूच ठोकून बाहेर काढायचं. ते तिघं बघत होते आणि मला बघितलेलं अजिबात आवडत नाही. तरी मी घाई केली नाही. रिव्हेट निघाला. भोक शाबूत होतं.

नवा रिव्हेट घातला. आता ठोकळा धरायला कुणी नव्हतं.

"मी धरू का?" काकांनी अर्धवट उठत विचारलं.

"नको. बाबांना येतं ते."

हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने म्हटलं. इतक्या मोठ्याने मी आमच्या घरात कधी बोलले नव्हते.

बाबा आले, पण चहा संपवून आले. घड्याळ काढून खिशात टाकलं, माझ्याकडे न बघता विचारलं, "ठोकळा कुठाय?" त्यांचा हात जाड. आत घालताना मनगट खरचटलं, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. मी गन सरळ धरली आणि दाबली. धक्के कोपरापर्यंत आले. दुखलं नाही. आतून आवाज आला, दोनदा. पुढचा. पुन्हा दोनदा. त्याच्या पुढच्याला बाबांनी तीनदा ठोकलं, सावकाश, प्रत्येक ठोका वेगळा.

"काय साहेब, सूड का?" काका म्हणाले.

मला क्षणभर तसंच वाटलं. मी टॉर्च घेऊन त्या बाजूला गेले आणि वाकून पाहिलं. तिरका होता. चूक माझीच.

मी ड्रिल उचललं.

"एक लावायचा, एक काढायचा," काका म्हणाले. या वेळी ते माझ्याकडे बघून बोलत होते. "असं चाललं तर हे उडणार तरी कधी?"

"उडेल तेव्हा उडेल. काका, खुर्ची मागे घ्या जरा, कीस उडतो."

त्यांनी खुर्ची मागे घेतली.