पुढे लागतील म्हणून ठेवलेली रॉकेटं

लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो. शेवटी कंटाळून तीच म्हणाली, "आई, रविवारी माझ्यासोबत ऑनलाइन गेम खेळ. खेळता खेळता बोलू." गेम तिच्या शाळेच्या दिवसांतला, राक्षसांना गोळ्या घालायचा. मला तिच्याशी बोलायचं होतं म्हणून बसले. नाहीतर या वयात कोण हातात बंदूक घेतंय!

पुढचे काही रविवार नुसता वैताग. डाव्या हाताने चालायचं, उजव्या हाताने नेम धरायचा, आणि राक्षस काही आपल्यासाठी थांबत नाहीत. मी भिंतीला पाठ लावून उभी राहायचे आणि तिथेच मरायचे. बोलणं राहिलं बाजूलाच. एकदा इतकी ओरडले, की आमच्या पूनम सागर सोसायटीतली शेजारीण बेल वाजवून विचारायला आली, "भाभी, सब ठीक है ना?" आता काय सांगणार तिला?

मग एका रविवारी कहरच झाला. मोठ्या दालनात लेकीला चारी बाजूंनी घेरलं आणि मी मागे उभी राहून पिस्तूल चालवत होते. ती मेली, पाठोपाठ मीही.

"आई, तुझ्याकडे रॉकेटं होती ना?"

"होती की. भरपूर."

"मग मारली का नाहीस?"

"पुढे लागतील म्हणून ठेवली."

"शोकेसमधल्या कपांसारखी," ती म्हणाली. ते कप माझ्या लग्नातले. पाहुण्यांसाठी ठेवलेत, आणि त्या तोलामोलाचा पाहुणा अजून आलेला नाही. "जमत नसेल तर राहू दे, आई. मी आपला फोनच करत जाईन."

म्हणजे पुन्हा जेवलीस का, हो. मला रडू येईल इतका राग आला. त्यात मेल्यावर मी जमवलेली सगळी रॉकेटं गेमने काढून घेतलेली, हातात परत तेच पिस्तूल.

"पुन्हा लाव," मी म्हटलं.

या वेळी मिळेल ते रॉकेट मिळेल तिथे झाडलं. थांबलेच नाही. पळत राहिलं की राक्षसांचे नेम चुकतात, हे मला तेव्हा कळलं. आणि खोटं कशाला सांगू, मजा आली. मी चक्क हसत होते.

तेवढ्यात पळता पळताच लेक म्हणाली, "आई, मला इथे अजिबात करमत नाहीये गं."

एरवी मी हातातलं सोडून तिला शंभर प्रश्न विचारले असते.

"तू बोल," मी म्हटलं, "मागे मी आहे." आणि शेवटचं रॉकेटही मारून टाकलं.