चाचांचं तेल आणि न कुरकुरणारं दार

आमच्या घराचं पुढचं दार कुरकुरत नाही, याची मला लाज वाटते.

येणारे-जाणारे कौतुक करतात, "काय दार आहे हो, आवाज म्हणून नाही!" मी मान खाली घालते. त्यांना वाटतं, हा विनय. (विनयाचा आणि माझा संबंध तेव्हाही नव्हता, आताही नाही.)

निजामाचं राज्य होतं, तिकडं जर्मनीची मोठी लढाई चाललेली, आणि मी लग्न होऊन येडशीजवळच्या या गावात नुकतीच आले होते. माझ्या सासऱ्यांकडं, म्हणजे मामंजींकडं, परवान्याची बंदूक होती. रामलिंगाच्या रानातली डुकरं भुईमुगात उतरली की मामंजी बार काढायचे. डुक्कर एकही पडलं नाही कधी, पण पळायची मात्र सगळी! लढाईमुळं नवी काडतुसं मिळेनात, म्हणून जुनी पितळी काडतुसंच पुन्हा भरून वापरायची. बार उडाला की पितळ फुगतं. ते पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं. हा साचा करीमचाचांनी आपल्या हातानं घडवला होता.

करीमचाचा म्हणजे मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. कुलपं, बंदुका, शिवणयंत्रं, काहीही दुरुस्त करायचे. दर शुक्रवारी दुपारी नमाज आटोपून ते आमच्याकडं येत. पुढचं दार तेव्हा असं काही करकरायचं की मामंजी आतूनच हाक मारत, "आला का रं करीम?"

"हौ आप्पा, आलो!"

मग दोघं ओसरीवर बसत. चाचा साचा घासलेटानं धुवायचे, काडीला फडकं गुंडाळून आतून पुसायचे, उजेडाकडं धरून एक डोळा मिटून बघायचे, आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब लावायचे. काम सगळं मिळून पाव घटकेचं. त्याला तिन्हीसांज व्हायची! मामंजी एरवी घरात चार शब्द बोलायचे, त्यातले दोन जेवणाबद्दल. पण शुक्रवारी त्यांचं हसू पार परसापर्यंत ऐकू यायचं. त्या साच्याला इतकं पुसायची गरज नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या वर्षी नवरात्राआधी चाचांच्या लेकीचं बाळंतपण निघालं. तिच्याकडं, आमच्याच भागातल्या वाशीला, जाण्याआधी त्यांनी मला बोलावलं आणि हातात एक इवलीशी बाटली ठेवली.

"बेटी, आप्पाला आता जवळचं दिसत न्हाय. साचा तू बघ. घासलेट, कोरडं फडकं, अन् ह्या तेलाचा एक कतरा. एकच! दुसरं कायबी लावायचं न्हाय."

"एवढं काय चाचा, भांडीच घासते की मी रोज!"

"म्हणूनच सांगतो," चाचा म्हणाले.

आता मुद्दा असा, की शेजारची गंगू माझी जीवाभावाची मैत्रीण, आणि सासूबाई दुपारी झोपल्या की तिच्याकडं जाऊन चिंचा खाणं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव सुख. आड यायचं ते दार! मी बोटभर उघडलं की आतून सासूबाई विचारायच्या, "कुठं चाललीस गं?" माझ्या हातात उत्तम मशीनचं तेल, समोर ओरडणारं दार. मी सगळी बाटली बिजागऱ्यांवर ओतली. दार मुकं झालं. त्या दुपारी मी इतक्या चिंचा खाल्ल्या की दोन दिवस दात आंबले.

साच्याला मग तेल कुठलं? घरात करडीचं तेल डेराभर होतं. भजी ज्यात तळतात ते तेल साच्याला काय वाईट? शिवाय एक थेंब म्हणजे चाचांचा कंजूषपणा वाटला. मी रोज दिवा लावताना त्यालाही पळीभर तेल घालू लागले, आणि गारठू नये म्हणून चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवला. (साचा गारठतो, असं मला कोणी सांगितलं होतं, देव जाणे!)

खंडेनवमी आली. विळे, कोयते, बंदूक, सगळं पूजेला मांडलं. साचा काळा दिसत होता, म्हणून मी तो आधी चिंच आणि राखेनं घासघास घासला. वर पुन्हा करडीचं तेल. त्यावर हळद-कुंकू. भोकातसुद्धा अक्षता टाकल्या. देवाला आतबाहेर कळतं म्हणून!

पंधरा दिवसांनी डुकरं भुईमुगात उतरली. मामंजींनी रिकामं काडतूस साच्यात घातलं आणि दाबलं. ते गेलं. मग परत येईना.

करडीचं तेल वाळलं की त्याचा डिंक होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक. मीही तो डिंक दर आठवड्याला कढईवरून खरवडत होतेच. पण साच्याचा आणि कढईचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मामंजींनी साचा धरला, आमच्या ह्यांनी सांडशीनं काडतूस धरलं, आणि दोघांनी जोर लावला. सांडशी सुटली. हे मागच्या मागं ताकाच्या डेऱ्यात बसले!

"आवं, पेल्यात पेला अडकल्यावर काय करतेत?" सासूबाई ओरडल्या. "ऊन पाणी घाला की!"

ऊन पाणी घातलं. लालभडक झालं.

"रगत आलं की गं बाई!"

"खंडेनवमीचं कुंकू हाय ते," ह्यांनी अंगावरचं ताक निपटत सांगितलं.

शेवटी सासूबाईंनी वरवंटा आणला. एक घाव बसला. टण् असा आवाज झाला आणि साच्याला वरून खालपर्यंत चीर गेली. तिकडं डुकरांनी सगळा भुईमूग खाल्ला.

"करीमचंच काम हे," मामंजी म्हणाले. "जाताना नीट पुसला न्हाय."

मी दाराआड उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण सासरी येऊन वर्ष झालं नव्हतं, आणि दाराची गोष्ट निघाली तर चिंचांची निघणार, चिंचांची निघाली तर गंगूची! मी गप्प बसले.

पुढच्या शुक्रवारी चाचा आले. दार वाजलं नाही, त्यामुळं ते अगदी समोर येईपर्यंत मामंजींना कळलंच नाही. त्यांनी फुटका साचा पुढं केला. चाचांनी चिरेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला, नखानं आत खरवडलं. एक लाल तांदूळ बाहेर आला. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराच्या बिजागऱ्यांकडं बघितलं. तांदूळ त्यांनी हळूच मुठीत घेतला.

"आप्पा, चूक माझी. तेल बदललं माझ्याकडनं."

"उभी हयात ह्यात गेली तुझी, अन् तेल बदललं?"

"म्हातारपण, आप्पा."

"मग आता हात लावू नको कशाला," मामंजी रागात बोलून गेले.

"हौ," म्हणून चाचा उठले. चहा मी हातात घेऊन उभी होते, तो तसाच राहिला. पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं, लेकीकडं वाशीला राहायला गेले.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. मामंजी बंदूक देऊन आले आणि फुटका साचा मांडीवर घेऊन बसले. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, चिंचांसकट.

मामंजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करीम गेला त्याच्या दुसऱ्याच दिशी वास घेतला होता म्या. करडी. पर करीमनं माझ्या सुनेची लाज राखली, ती म्या कशी उघडी करू? तू सांगशील म्हणून वाट बघत हुतो, पोरी."

चार-पाच वर्षं वाट बघत होते! दुसऱ्या दिवशी पटका बांधून ते वाशीला गेले. लेकीच्या घराला कुलूप होतं. पोलीस ॲक्शनच्या त्या गडबडीत घरातली माणसं कुठं गेली, शेजाऱ्यांना सांगता येईना. मामंजी तसेच परत आले.

त्यानंतर शुक्रवारी दुपारी ते दाराकडं तोंड करून बसत. ऐकून कळायची सोय मी ठेवली नव्हती ना! निदान दार पुन्हा वाजावं म्हणून मी बिजागऱ्यांना राख फासली, मीठ चोळलं, पावसाळाभर पाणी ओतलं. काही उपयोग नाही. आज मामंजी नाहीत, मी म्हातारी झाले, पण दार अजून हूं की चूं करत नाही. घरातली कढई गंजली, विळी गंजली, माझे गुडघेही गंजले. उभ्या आयुष्यात माझ्या हातून एवढी एकच वस्तू नीट तेलपाणी करून जपली गेली, आणि तीही चुकीची!